राघू का बोलतो?

नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात एक पोपट होता. १९७७-७८च्या सुमाराची ही गोष्ट. पूजा आटोपली की आजी पिंजऱ्यासमोर पाट टाकून बसे, हरभऱ्याची भिजवलेली डाळ पुढे धरी आणि ‘विठ्ठल, विठ्ठल’ म्हणत राही. राघू डाळ खाई आणि मान वाकडी करून गप्प बसे. खोलीत कोणी नसले की मात्र तो आजीच्या आवाजात, तिच्याच हेलात, मला हाक मारी. मी धावत जाई, आणि घरभर हशा पिके. त्याचे पंख वाढले की वडील कात्रीने ते छाटीत. फडक्यात गुंडाळून त्याला धरून ठेवायचे काम माझ्याकडे असे. पुढे जुन्या ग्रंथांतले पाळीव पक्षी शोधण्याचा नाद मला लागला, त्याचे मूळ या दोन आठवणींत आहे.

पक्ष्यांना शिकवणे ही आपल्याकडे मान्यता पावलेली विद्या होती. वात्स्यायनाने सांगितलेल्या चौसष्ट कलांत ‘शुकसारिकाप्रलापन’, म्हणजे पोपट-मैनांना बोलायला शिकवणे, ही एक स्वतंत्र कला आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये ससाण्याची शिकार, पारवे, कोंबडे आणि लावे यांना वेगवेगळी प्रकरणे मिळाली आहेत. पक्ष्याकडून काय करून घ्यावे याबद्दल ही परंपरा बोलते. पक्षी ते का करतो, हा तिचा प्रश्न नव्हे.

पक्षी हाती कसा येतो, याचे एक स्वच्छ चित्र मला ज्ञानेश्वरीत सापडले. सहाव्या अध्यायात ज्ञानदेव नळीवरच्या पोपटाचा दृष्टांत देतात. पारध्याने टांगलेल्या नळीवर पोपट बसतो, त्याच्या भाराने नळी फिरते आणि तो उलटा लोंबकळू लागतो. खरे तर नळी सोडली की तो मोकळाच आहे. पण आपण बांधले गेलो या समजुतीने तो ती अधिकच आवळून धरतो. आपणच आपले वैरी कसे होतो, हे सांगण्यासाठी हा दाखला येतो. शतकानुशतके कीर्तनांतून आपण त्यातला अध्यात्माचा अर्थ ऐकला. पण त्या नळीला एक पारधीही आहे, हे ऐकताना सहज निसटते. बोलक्या राघूची गोष्ट पाटावरून सुरू होत नाही, ती त्या नळीपासून किंवा झाडाच्या ढोलीतून काढलेल्या पिल्लापासून सुरू होते.

या विद्येचा थाट पाहायचा तर बडोद्याला जावे लागते. सयाजीराव गायकवाडांच्या दरबारात शिकवलेल्या पोपटांचे खेळ होत. पोपट चांदीची इवलीशी सायकल चालवीत, चांदीची छोटी तोफ डागीत. एडवर्ड वीडन हा इंग्रज पाहुणा महाराजांकडे वर्षभर राहिला होता. त्याच्या १९११ साली निघालेल्या पुस्तकात या खेळांचे वर्णन आहे. त्याच सयाजीरावांच्या संस्थानात सुरू झालेल्या प्राच्य ग्रंथमालेत १९२५पासून ‘मानसोल्लास’ छापला जाऊ लागला. महाराजांचे वाचनालयांचे आणि सक्तीच्या शिक्षणाचे काम आपण आदराने आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण इतक्या विचारी दरबारातही पोपटाचे कौतुक होते ते त्याने माणसासारखे वागून दाखवल्याबद्दल.

‘पोपटपंची’ हा आपला शब्दही त्याच नजरेतून आला. समजल्यावाचून केलेली घोकंपट्टी, असा त्याचा अर्थ. ही नजर बदलली ती अलीकडच्या अभ्यासांनी. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७पासून ॲलेक्स नावाच्या आफ्रिकी करड्या पोपटावर तीस वर्षे काम केले. दोन माणसे त्याच्यासमोर एकमेकांशी बोलत, वस्तू मागत आणि देत. ते पाहून तो शिके. तो रंग, आकार आणि लहान संख्या सांगू लागला. नुसत्या ध्वनिफिती ऐकवल्या तर मात्र पोपट शब्द शिकत नाहीत, असे त्यांना आढळले. व्हेनेझुएलातल्या छोट्या रानपोपटांवरचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. तिथे घरट्यांतली अंडी आपसात बदलून पाहिली, तेव्हा पिल्लांनी आपली ओळखीची साद जन्मदात्यांकडून न घेता वाढवणाऱ्यांकडून घेतली. थव्यात एकमेकांना धरून ठेवण्यासाठी पोपट साद शिकतो. एकट्या ठेवलेल्या पोपटाला माणसांचे घर हाच थवा होतो.

हे वाचले आणि वाड्यातली ती हाक मला नव्याने ऐकू आली. ‘विठ्ठल’ म्हटल्यावर समोर कोणी येत नव्हते. आजीने माझे नाव घेतले की मी येत असे. राघू हे रोज पाहत होता. म्हणून खोली रिकामी झाली की त्याने तीच हाक उचलली. आम्ही तिला नक्कल समजून हसलो. तो थव्याला बोलावत होता, असे आज मला वाटते. आजी त्याच्यावर जीव लावून होती, त्याला खाऊ घातल्याशिवाय ती जेवत नसे, हेही तितकेच खरे. माया होती आणि कात्रीही होती.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३पासून लागू आहे. गळ्यात कंठी असलेला आपला नेहमीचा पोपट आता त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. देशी पोपट पकडणे, विकणे, पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे. तरीही ‘आमचा मिठू घरातलाच आहे हो’ असे सांगणारी प्रेमळ माणसे मला आजही भेटतात. त्यांना मी कायदा सांगतो. पण त्याआधी विचारतो, घरात कोणी नसताना तो काय बोलतो, ते कधी दाराआड उभे राहून ऐकले आहे का?