परक्या भूमीवर आपला कायदा

मंडळी, १० ऑक्टोबर ही तारीख चीनमध्ये मोठी मानतात. १९११ साली याच दिवशी वुचांगला उठाव झाला आणि पुढे तिथली राजेशाही संपली. त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, १० ऑक्टोबर १९१० रोजी, आपल्या सोलापुरात द्वारकानाथ कोटणीस जन्मले. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटामुळे डॉ. कोटणिसांची कहाणी आमच्या पिढीला पाठ आहे. पण त्यांच्या अखेरच्या दोन महिन्यांत चीनवरचं एक जुनं जोखड उतरत होतं, ते फारसं कुणी सांगत नाही.

आधी मूळ दुखणं सांगतो. अफूच्या पहिल्या युद्धात हरल्यावर १८४३ च्या तहाने चीनला कबूल करावं लागलं, की तिथे इंग्रजाने गुन्हा केला तर त्याचा निवाडा इंग्रज अधिकारीच करतील. पुढच्याच वर्षी अमेरिका आणि फ्रान्सनेही तेच पदरात पाडून घेतलं. कल्पना करा, आपल्या कुशावर्तापाशी परदेशी पाहुण्याने कुणाचं डोकं फोडलं आणि नाशिकच्या न्यायाधीशांना त्याला हात लावता येईना! चीनने हे जवळजवळ शंभर वर्षं सोसलं. आणि त्या अफूपैकी माळव्याची अफू आपल्याच मुंबई बंदरातून तिकडे जात होती, हेही विसरून चालणार नाही.

दुसऱ्या महायुद्धात चीन दोस्तांच्या बाजूला आला. मित्राला असं वागवणं शोभेना. अमेरिकेचे हल आणि ब्रिटनचे ईडन यांच्या खात्यांनी आपापसांत सल्लामसलत करून ९ ऑक्टोबर १९४२ रोजी, चीनच्या राष्ट्रीय दिनाच्या आदल्या दिवशी, हक्क सोडण्याची तयारी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी कोटणीस ३२ वर्षांचे झाले. ९ डिसेंबरला ते गेले.

वाटाघाटी कौलूनच्या भाडेपट्ट्यावर अडल्या. चीनला तो मुलूख परत हवा होता, चर्चिलचं सरकार हलेना. अखेर तो प्रश्न पुढे काढण्याचा हक्क राखून चीनने सही करायचं ठरवलं. तेवढ्यात ९ जानेवारीला जपानने नानकिंगच्या आपल्या हातच्या सरकारशी असाच करार करून टाकला! ११ जानेवारी १९४३ रोजी वॉशिंग्टन आणि चुंगकिंग इथे दोस्तांच्या सह्या झाल्या.

आता खरी गोष्ट. चुंगकिंगच्या तहात भारताचंही नाव होतं. भारतातर्फे सही केली ह्यू रिचर्डसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने. त्या वेळी पंडित नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. चीनमधले हक्क आमच्या नावाने सोडले गेले, आणि आमच्या घरात आम्हालाच हक्क नव्हते!

इतिहास शिकवताना मी मुलांना सांगत असे, तहाखाली सही कुणाची आहे ते आधी पाहा. भारताच्या नावाने चीनमध्ये दोन माणसं गेली असं मला वाटतं. एकाला सरकारने पाठवलं, दुसऱ्याला १९३८ साली काँग्रेसच्या वैद्यकीय पथकाने. कागदावर सही पहिल्याची आहे. चिनी माणसाने लक्षात ठेवला तो आपला सोलापूरचा डॉक्टर.

असो. नातवंडांना हे जरूर सांगा.