सिनेटर व्हॅन्डेनबर्ग आणि अमेरिकेचें परराष्ट्र-धोरण

शाळेंत पहिल्या महायुद्धाचा पाठ आला, कीं वर्गांतला एखादा चुणचुणीत मुलगा हटकून विचारी, “सर, राष्ट्रसंघासाठीं जिवाचें रान केलें तें अमेरिकेच्या अध्यक्ष विल्सननीं, मग अमेरिकाच त्यांत कां नव्हती?” “सिनेटनें मान्यता दिली नाहीं,” असें मी सांगत असें. तेवढ्यांत घंटा होई, आणि प्रश्न अर्धाच राही. त्याचें उरलेलें उत्तर आज देण्याचा विचार आहे.

अमेरिकेच्या राज्यघटनेनें परराष्ट्रांशीं तह करण्याचा अधिकार अध्यक्षांस दिला; परंतु उपस्थित सिनेटरांपैकीं दोन-तृतीयांशांची संमति आवश्यक ठेवली. विल्सन पॅरिसच्या तहपरिषदेस गेले, ते एकाहि सिनेटरास बरोबर न घेतां. पुढें सिनेटच्या परराष्ट्र-संबंध समितीचे अध्यक्ष हेन्री कॅबट लॉज यांनीं तहास आपल्या अटी जोडल्या. विल्सननीं त्या झिडकारल्या, आणि स्वपक्षाच्या सिनेटरांनाहि अटींसह तह नाकारावयास सांगितलें. १९ मार्च १९२० रोजीं तहाच्या बाजूनें ४९ व विरुद्ध ३५ मतें पडलीं. बहुमत होतें, दोन-तृतीयांशांस सात मतें कमी पडलीं. त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर त्या सात मतांत आहे.

पंचवीस वर्षांनीं हाच प्रसंग पुन्हा आला. या वेळीं तो निभावला, आणि त्यांत मोठा वांटा होता आर्थर व्हॅन्डेनबर्ग या विरोधी पक्षाच्या सिनेटराचा. मिशिगन राज्यांतील ग्रँड रॅपिड्स या गांवीं १८८४ सालीं त्यांचा जन्म झाला. वडिलांचा घोड्यांचें सामान बनविण्याचा धंदा १८९३ च्या मंदींत बुडाला, आणि नऊ वर्षांच्या मुलावर कमाई करण्याची पाळी आली. वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षीं ते गांवच्या दैनिकाचे संपादक झाले, आणि १९२८ सालीं रिपब्लिकन पक्षाचे सिनेटर म्हणून वॉशिंग्टनला गेले. माणूस कष्टाळू, पण आत्मप्रौढीचा; लांबलचक अलंकारिक वाक्यांचा शौकीन. (आम्हां मास्तरांस हा दोष लवकर ओळखूं येतो, कारण तो आमचाहि आहे.)

आरंभीं त्यांचें मत असें, कीं युरोपच्या भांडणांत अमेरिकेनें पडूं नये. १९३४ पासून शस्त्रास्त्रांच्या व्यापाराची जी चौकशी सिनेटनें केली, तींत ते होते. १९३९ सालीं युद्ध पेटल्यावर शस्त्रांच्या निर्यातीवरील बंदी उठविण्यास त्यांनीं विरोध केला. मार्च १९४१ मध्यें इंग्लंडादि देशांस शस्त्रसाहाय्य देणारा लेंड-लीज कायदा सिनेटमध्यें ६० विरुद्ध ३१ मतांनीं संमत झाला. त्या एकतीसांत व्हॅन्डेनबर्ग होते. या मंडळींस आज कोणी सहज मूर्ख ठरवितो. मला तें पटत नाहीं. १९१७ सालीं युद्धांत उतरून काय साधलें, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. चुकलें तें एवढेंच, कीं दोन महासागरांचा खंदक अजून पुरेल असें त्यांनीं गृहीत धरलें.

पर्ल हार्बरवर ७ डिसेंबर १९४१ रोजीं बाँब पडले, आणि तें गृहीत कोसळलें. व्हॅन्डेनबर्ग यांनींच पुढें नमूद केलें आहे, कीं आपल्या मताचा पालट त्या दुपारीं झाला. तरी तो जाहीर व्हावयास तीन वर्षें लागलीं. १० जानेवारी १९४५ रोजीं सिनेटमध्यें त्यांनीं सांगितलें, कीं यापुढें कोणतेंहि राष्ट्र केवळ आपल्या सीमेआड सुरक्षित राहूं शकणार नाहीं. जर्मनी व जपान पुन्हा सशस्त्र होऊं नयेत यासाठीं दोस्तांनीं आतांच पक्का तह करावा. रूझवेल्ट यांनीं विल्सनची चूक टाळली. सॅन फ्रान्सिस्को येथें संयुक्त राष्ट्रसंघाची सनद तयार करावयास जें शिष्टमंडळ बसलें, त्यांत व्हॅन्डेनबर्ग यांची नेमणूक झाली. २८ जुलै १९४५ रोजीं सिनेटनें ती सनद ८९ विरुद्ध २ मतांनीं मान्य केली.

१९४६ च्या निवडणुकींत काँग्रेसचीं दोन्ही सभागृहें रिपब्लिकन पक्षाकडे गेलीं. अध्यक्ष ट्रूमन डेमोक्रॅट, आणि परराष्ट्र-संबंध समितीचे अध्यक्ष व्हॅन्डेनबर्ग! सरकारची अडवणूक करणें सोपें होतें. पण १९४७ सालीं ग्रीस व तुर्कस्तान यांस ४० कोटी डॉलरांची मदत देण्याचें विधेयक आलें, तेव्हां त्यांनीं तें अडविलें नाहीं. त्यास एक दुरुस्ती जोडली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मतें ही मदत अनावश्यक ठरली तर ती थांबवावी, आणि त्या मतदानांत अमेरिकेनें नकाराधिकार वापरूं नये. संयुक्त राष्ट्रसंघास डावललें जात आहे, या टीकेची धार त्यानें पुष्कळच बोथट झाली.

मार्शल योजनेच्या वेळीं तर त्यांचें कसब पूर्णपणें दिसलें. सरकारला चार वर्षांसाठीं १,७०० कोटी डॉलरांचा आंकडा कायद्यांत हवा होता. तो आंकडा पाहूनच सभासद बिथरतील हें ओळखून त्यांनीं तो काढावयास लाविला. पहिल्या पंधरा महिन्यांसाठीं मागितलेले ६८० कोटी त्यांनीं बारा महिन्यांसाठीं ५३० कोटींवर आणले. पैशाचा विनियोग परराष्ट्र खात्याकडे न देतां स्वतंत्र संस्थेकडे सोंपविला, आणि तिच्यावर पॉल हॉफमन या मोटार-कारखानदाराची नेमणूक व्हावी असा आग्रह धरिला. मार्च १९४८ मध्यें सिनेटनें ६९ विरुद्ध १७ मतांनीं संमति दिली. त्याच वर्षीं ११ जूनला त्यांचाच ठराव ६४ विरुद्ध ४ मतांनीं पार पडला, आणि शांततेच्या काळांत युरोपीय राष्ट्रांशीं संरक्षण-करार करण्याची वाट मोकळी झाली. १९४९ चा नाटो करार त्याच वाटेनें आला.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या नांवाची कांहींतरी दुरुस्ती झाल्यावांचून व्हॅन्डेनबर्ग यांचें समाधान होत नसे, आणि परराष्ट्र खात्याचे अधिकारी हें पुरतें ओळखून होते. मला यांत फारसें वाईट दिसत नाहीं. अहंकार कामास जुंपला गेला, एवढेंच. अडचण निराळीच आहे. दोन्ही पक्ष एका सुरांत बोलूं लागले, म्हणजे उलट प्रश्न विचारावयाचे कोणीं? नाटो करारास विरोध करणारे १३ सिनेटर होते. त्यांत ओहायोचे रॉबर्ट टॅफ्ट हे व्हॅन्डेनबर्ग यांच्याच पक्षाचे. या करारामुळें युरोपला शस्त्रें पुरविण्याचें ओझें आपल्या अंगावर पडेल, ही त्यांची शंका कांहीं पोकळ नव्हती. शिवाय ही एकवाक्यता मुख्यतः युरोपपुरती होती. चीनविषयक धोरण ठरवितांना आपणांस विचारलें गेलें नाहीं, अशी खुद्द व्हॅन्डेनबर्ग यांची तक्रार होती.

१९४९ च्या शरद ऋतूंत त्यांच्यावर फुप्फुसाच्या कर्करोगासाठीं शस्त्रक्रिया झाली. १९५१ च्या आरंभीं युरोपांत चार डिव्हिजन सैन्य पाठवावें कीं नाहीं यावरून सिनेटमध्यें मोठा वाद माजला, तेव्हां ते ग्रँड रॅपिड्स येथें अंथरुणाला खिळून होते. ४ एप्रिलला सिनेटनें सैन्य पाठविण्यास संमति दिली. मात्र त्याहून अधिक पाठवावयाचें तर काँग्रेसची परवानगी घ्यावी, असें बजावलें. १८ एप्रिल १९५१ रोजीं व्हॅन्डेनबर्ग वारले.