बिडाच्या रोलरची कुळकथा

जून-जुलै आला की नगर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत मिल रोलरचं पूजन होतं. नंतर बॉयलरचं अग्निप्रदीपन, मग गव्हाणीत मोळी आणि गळीत हंगाम सुरू. देवळाली प्रवराला लागून नगर-मनमाड रस्त्यावर ‘राहुरी फॅक्टरी’ याच नावाची वस्ती आहे. तिथल्या माणसाला हा क्रम पाठ असतो. पण पहिला मान ज्याला मिळतो त्या रोलरचं कुळ कोणतं, हे क्वचितच सांगितलं जातं.

त्याचा मूळपुरुष लाकडी. दोन उभ्या लाटा, त्यांच्या डोक्यावर एकमेकांत अडकणारे मळसूत्री दाते आणि फिरवायला बैल. लाकडाला ऊस छान धरता यायचा, पण पिळायला जोर अपुरा पडायचा. शिवाय लाटा झिजायच्या, फाटायच्या. बिहारमधल्या बिहिया इथे थॉमसन आणि मिल्न यांनी 1870 च्या दशकात छोटा लोखंडी चरक बाजारात आणला आणि तो देशभर पसरला. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. तिथल्या ओतशाळेतून नांगरांबरोबर उसाचे चरकही बाहेर पडले. बिडाचं ओतकाम मराठी मुलखात रुजलं ते असं, शेतकऱ्याच्या गरजेतून.

कारखान्याच्या मिलचं घराणं वेगळं. तीन आडवे रोलर त्रिकोणात बसवायची रीत अठराव्या शतकाच्या अखेरीस वेस्ट इंडीजच्या ऊसमळ्यांत ठरली. वरचा एक, खालचे दोन. ऊस आधी पुढच्या आणि वरच्या रोलरमध्ये दाबला जातो, मग खालच्या दोन रोलरांमधल्या ट्रॅश प्लेटवरून सरकून वरच्या आणि मागच्या रोलरमध्ये. आजच्या मिलमध्ये भर पडली ती फीडर रोलरांची आणि हायड्रॉलिक दाबाची. मूळ मांडणी तीच. इकडे नगर जिल्ह्यात भंडारदऱ्याचं धरण 1926 मध्ये पूर्ण झालं, प्रवरेचे कालवे वाहू लागले, ऊस वाढला. 1950-51 च्या हंगामात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून लोणीचा सहकारी कारखाना सुरू झाला. हे तीन रोलरांचं घराणं इथल्या शेतकऱ्याच्या मालकीचं झालं ते तेव्हा.

आता धातूकडे येऊ. रोलरचा शाफ्ट घडीव पोलादाचा असतो. त्यावरचं कवच, म्हणजे शेल, करड्या बिडाचं. शेल तापवून फुगवतात, शाफ्टवर चढवतात. थंड होताना ते आवळून बसतं. शेकडो टनांचा दाब आणि पीळ शाफ्ट सोसतो, ऊस धरण्याचं काम शेलचं. शेलही पोलादाचंच का नको? पोलाद बळकट खरं, पण घासून घासून त्याला चकाकी येते आणि गुळगुळीत रोलरवर ओलं चिपाड घसरतं. बिडात तीन टक्क्यांहून जास्त कार्बन असतो, आणि त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला. रसाची आंबट धार आणि घर्षण यांनी हे पापुद्रे झडतात, बारीक खळगे राहतात आणि पृष्ठभाग कायम खरबरीत राहतो. इतर यंत्रांत जो बिडाचा दोष मानतात, तो इथे गुण ठरतो. धातुशास्त्र इतकं पुढे गेलं तरी मिलने हे जुनं बीड सोडलेलं नाही, आणि मला ते अगदी योग्य वाटतं.

अडचण मातीची. आपल्या रानातला ऊस माती-रेती घेऊन येतो. रेतीतली गारगोटी बिडापेक्षा कितीतरी कठीण. ती रोलरच्या अंगावर कापलेल्या दात्यांच्या कडा गोल करते. त्यावरचा इलाज म्हणजे आर्किंग. क्रोमियम कार्बाइड रेतीहूनही कठीण असतं. वेल्डर त्याचे रॉड घेऊन दात्यांच्या टोकांवर आणि बाजूंवर कणांचा शिडकावा करतो. तोही चालू मिलवर: रोलर मिनिटाला तीन-चार फेरे घेतोय, दात्यांतून रस ओघळतोय, वाफ उठतेय, आणि हा एका जागी हात स्थिर धरून उभा. चर्र असा आवाज येतो, दाता पुढे सरकतो आणि त्यावर तांदळाएवढे काळे खडे चिकटलेले दिसतात. सलग थर देऊन उपयोग नाही. खडे सुटे हवेत, तरच पकड येते. बीड मुळात वेल्डिंगला अवघड, तापलं की तडकणारं. त्यात ओलं आणि फिरतं. हे कसब पुस्तकातून येत नाही, हंगामामागून हंगाम मिलवर उभं राहूनच येतं.

ऑफ सीझनला रोलर लेथवर चढतो, दाते नव्याने कापले जातात आणि व्यास थोडा घटतो. शेल फारच बारीक झालं की ते काढून शाफ्टवर नवं बसवतात. जुनं भट्टीत जातं.

ऊसतोडणी यंत्रं वाढली तशी उसाबरोबर येणारी मातीही वाढली आणि आर्किंगची गरजही. रॉड किती खपले, याचा हिशेब प्रत्येक कारखाना ठेवतो. पण या रॉडच्या धुरात षट्संयुजी क्रोमियम असतं आणि ते कर्करोगकारक आहे. आर्किंग करणाऱ्याच्या डोक्याशी धूर ओढून घेणारा पंखा आणि तोंडावर योग्य मास्क हवाच. आणि या दोन्हींचा खर्च रॉडच्याच खात्यात पहिल्या दिवसापासून धरला पाहिजे.