फायब्रॉइन

फायब्रॉइन हे रेशमाच्या धाग्यातील मुख्य प्रथिन आहे. तुतीची पाने खाणाऱ्या 'बॉम्बिक्स मोरी' या रेशीमकिड्याची अळी कोष विणताना तोंडाजवळच्या छिद्रातून जो धागा बाहेर काढते, त्याचा गाभा फायब्रॉइनचा असून त्यावर सेरिसिन या दुसऱ्या, चिकट प्रथिनाचे आवरण असते. कच्च्या रेशमात फायब्रॉइनचे प्रमाण वजनाने साधारण ७० ते ८० टक्के व सेरिसिनचे २० ते ३० टक्के असते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण येथे विणल्या जाणाऱ्या पैठणीचा ताणा आणि बाणा याच प्रथिनाचा असतो. ॲमिनो आम्लांचा क्रम प्रथिनाचा आकार ठरवतो आणि आकार त्याचे कार्य ठरवतो, हे रेणवीय जीवशास्त्रातील सूत्र फायब्रॉइनमध्ये विशेष स्पष्टपणे दिसते. कारण येथे रेणूच्या रचनेचा परिणाम हाताला लागतो आणि डोळ्यांना दिसतो.

पैठण आणि रेशीम

गोदावरीकाठचे पैठण, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, ही सातवाहनांची राजधानी होती. रेशीम व जरीच्या विणकामासाठी हे गाव दीर्घकाळ प्रसिद्ध असून नाशिक जिल्ह्यातील येवला हे पैठणीचे दुसरे मोठे केंद्र आहे. पैठणीला २०१० साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. पैठणीसाठी लागणारे कच्चे रेशीम आज मुख्यतः कर्नाटकातून येते. पूर्वी चिनी रेशीमही वापरले जात असे. अलीकडच्या काळात मराठवाड्यातील शेतकरीही तुतीची लागवड करून कोष तयार करू लागले असून जालना येथे कोषांची बाजारपेठ आहे.

प्राथमिक संरचना

प्रथिन ही ॲमिनो आम्लांची साखळी असते. एका आम्लाचा कार्बॉक्सिल गट व दुसऱ्याचा अमिनो गट यांच्यात पेप्टाइड बंध तयार होऊन ती लांबत जाते. निसर्गातील बहुतेक प्रथिने वीस प्रकारची ॲमिनो आम्ले बऱ्यापैकी मिसळून वापरतात. फायब्रॉइन मात्र याबाबतीत अत्यंत काटकसरी आहे. त्याच्या जड साखळीत ५,२६३ ॲमिनो आम्ले असतात व त्यांपैकी सुमारे ४६ टक्के ग्लायसिन, ३० टक्के ॲलानिन आणि १२ टक्के सेरिन असते. त्यानंतरचा क्रमांक सुमारे ५ टक्के असणाऱ्या टायरोसिनचा लागतो. उरलेल्या सर्व प्रकारांच्या वाट्याला मिळून जेमतेम ७ टक्के जागा येते.

ग्लायसिन, ॲलानिन व सेरिन ही तिन्ही लहान आम्ले आहेत. ग्लायसिनची पार्श्वशाखा म्हणजे केवळ एक हायड्रोजन अणू, तर ॲलानिनची म्हणजे एक मिथिल गट. साखळीच्या मोठ्या भागात ग्लायसिन–ॲलानिन–ग्लायसिन–ॲलानिन–ग्लायसिन–सेरिन हा सहा आम्लांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. अशा पुनरावृत्तीचे बारा पट्टे साखळीत असून त्यांच्यामध्ये अकरा लहान, अनियमित क्रमाचे जोडभाग असतात. पट्ट्यांमुळे धाग्याला बळ मिळते आणि जोडभागांमुळे लवचिकता.

सेरिन या आम्लाचा शोधच रेशमातून लागला. १८६५ साली एमिल क्रामर यांनी ते सेरिसिनपासून वेगळे केले. रेशमाला लॅटिनमध्ये 'सेरिकम' म्हणत, त्यावरून आम्लाला व प्रथिनाला ही नावे मिळाली.

बीटा पत्रक

फायब्रॉइनच्या साखळ्या जवळजवळ पूर्ण ताणलेल्या अवस्थेत शेजारी शेजारी, एकमेकींच्या उलट दिशेने मांडलेल्या असतात. एका साखळीतील ऑक्सिजन व शेजारच्या साखळीतील नायट्रोजनला जोडलेला हायड्रोजन यांच्यात हायड्रोजन बंध तयार होतात आणि साखळ्यांचे एक चुणीदार पत्रक बनते. यालाच बीटा पत्रक म्हणतात. लायनस पॉलिंग व रॉबर्ट कोरी यांनी १९५१ मध्ये अशा पत्रकाची कल्पना मांडली. १९५५ मध्ये रिचर्ड मार्श, कोरी व पॉलिंग यांनी क्ष-किरण विवर्तनाच्या आधारे रेशमाच्या फायब्रॉइनचा सविस्तर आराखडा प्रसिद्ध केला.

या आराखड्यातील युक्ती साधी आहे. ताणलेल्या साखळीत एकाआड एक आम्लाची पार्श्वशाखा पत्रकाच्या वरच्या व खालच्या बाजूस येते. फायब्रॉइनमध्ये एकाआड एक ग्लायसिन असल्याने पत्रकाची एक बाजू फक्त हायड्रोजन अणूंची, म्हणजे जवळजवळ सपाट, तर दुसरी ॲलानिन व सेरिनच्या उंचवट्यांची होते. पत्रके एकावर एक रचली जाताना सपाट बाजू सपाट बाजूला आणि उंचवट्यांची बाजू उंचवट्यांना भिडते. त्यामुळे पत्रकांमधील अंतर आळीपाळीने सुमारे ३.५ व ५.७ अँगस्ट्रॉम येते. ग्लायसिनच्या जागी एखादे अवजड आम्ल असते, तर पत्रके इतकी जवळ येऊच शकली नसती. पुढील काळातील अभ्यासकांनी या रचणीच्या तपशिलांत दुरुस्त्या सुचवल्या असल्या, तरी उलट दिशेच्या साखळ्यांचे पत्रक हा त्याचा गाभा कायम आहे.

धाग्याच्या दिशेने ओढ बसली की ती साखळीतील मजबूत सहसंयुज बंधांवर येते; त्यामुळे रेशीम सहजासहजी तुटत नाही. स्फटिकी पत्रके ताणली जात नाहीत, कारण त्यांतील साखळ्या आधीच ताणलेल्या असतात. रेशमाचा धागा तुटण्यापूर्वी साधारण १५ ते २० टक्के लांबतो तो अनियमित भागांमुळे. धनगरी घोंगडीच्या लोकरीशी याची तुलना करता येते. लोकरीतील केरॅटिन हे प्रथिन मळसूत्री, म्हणजे अल्फा रचनेचे असते. ओढल्यावर मळसूत्र उलगडते व लोकर रेशमापेक्षा बरीच अधिक ताणली जाते. दोन्ही धागे प्रथिनांचेच, पण साखळीच्या घडणीमुळे एकाची घोंगडी होते व दुसऱ्याची पैठणी.

साखळ्यांची जुळणी

जड साखळी एकटी काम करत नाही. तिच्या शेपटाकडील सिस्टीन या आम्लाशी एक हलकी साखळी दोन गंधक अणूंमधील बंधाने, म्हणजे डायसल्फाइड बंधाने जोडलेली असते. अशा सहा जोड्यांमागे पी-२५ या शर्करायुक्त प्रथिनाचा एक रेणू असतो. जड साखळीचे वजन सुमारे ३,९०,००० डाल्टन, तर हलकीचे अवघे २६,००० डाल्टन असते.

इतक्या लहान साखळीची गरज काय, याचे उत्तर एका उत्परिवर्तनातून मिळाले. रेशीमकिड्याच्या एका वाणात हलक्या साखळीच्या जनुकात दोष असल्याने जड साखळीशी बंध जोडणारे सिस्टीनच तिच्यात नसते. अशा किड्याच्या पेशी जड साखळी तयार करतात, पण ती पेशीबाहेर टाकली जात नाही. परिणामी अळीला धड कोष करता येत नाही व कोशित जवळजवळ उघडाच राहतो. एका सिस्टीनच्या अभावाने संपूर्ण कोष नाहीसा व्हावा, हे प्रथिनांच्या चतुर्थक संरचनेचे महत्त्व सांगणारे विद्यार्थ्यांसाठी उत्तम उदाहरण आहे.

निर्मिती

अळीच्या शरीरात रेशीमग्रंथींची एक जोडी असते. ग्रंथीच्या मागच्या भागातील पेशी फायब्रॉइन तयार करतात, मधल्या भागात ते साठते व त्यावर सेरिसिनचा लेप चढतो, तर पुढची अरुंद नळी धागा काढण्याचे काम करते. मागच्या भागात एका ग्रंथीत जेमतेम ५०० पेशी असतात. अळी वाढताना त्या विभागल्या जात नाहीत. त्यांच्यातील डीएनए मात्र पुन्हा पुन्हा दुप्पट होत राहते व एकेका केंद्रकात जनुकसंचाच्या लाखो प्रती जमतात.

फायब्रॉइनच्या जड साखळीचे जनुक प्रत्येक संचात एकच असते. बाल्टिमोर येथील कार्नेगी संस्थेत योशिआकी सुझुकी व डोनाल्ड ब्राउन यांनी १९७२ साली फायब्रॉइनचा संदेशवाहक आरएनए वेगळा केला. उच्च जीवांतील एखाद्या विशिष्ट प्रथिनाचा संदेशवाहक आरएनए शुद्ध स्वरूपात मिळवण्याच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांपैकी हे एक होय. एका जनुकापासून संदेशवाहक आरएनएच्या सुमारे १०,००० प्रती बनतात व प्रत्येक प्रतीपासून सुमारे एक लाख प्रथिन रेणू, असा हिशेब आहे. म्हणजे काही दिवसांत एका जनुकामागे सुमारे शंभर कोटी रेणू होतात. ५,२६३ आम्लांसाठी तीन-तीन अक्षरांचे संकेत धरल्यास संदेशाची लांबी जवळजवळ १६,००० न्यूक्लिओटाइड भरते. इतके ग्लायसिन व ॲलानिन रायबोसोमपर्यंत पोहोचवायचे असल्याने या पेशींत त्या आम्लांची वाहतूक करणारे ट्रान्सफर आरएनए इतर पेशींच्या मानाने विपुल असतात.

ग्रंथीत साठलेले फायब्रॉइन पाण्यात विरघळलेले, दाट द्रावण असते. त्याचे प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास जाते. प्रयोगशाळेत इतके दाट द्रावण सांभाळणे अवघड असते, कारण ते गोठून जेल होते. अळीच्या ग्रंथीत ते गोठत नाही, कारण साखळ्यांची घडण तेथे वेगळी व सैल असते. पुढे नळीकडे जाताना द्रावणाची आम्लता वाढते, क्षारांचे प्रमाण बदलते, पाणी शोषले जाते व नळी अरुंद होत गेल्याने रेणू एका दिशेत ओढले जातात. या सर्वांच्या एकत्र परिणामाने बीटा पत्रके तयार होतात आणि द्रवाचा न विरघळणारा धागा होतो. अळी डोके इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरवत दोन ते तीन दिवसांत साधारण एक किलोमीटर लांबीचा अखंड धागा स्वतःभोवती गुंडाळते.

सेरिसिन आणि डिंक काढणे

सेरिसिनमध्ये सेरिन हे आम्ल सुमारे एक तृतीयांश असते. त्यातील हायड्रॉक्सिल गट पाण्याशी सहज बंध करतात. त्यामुळे सेरिसिन गरम पाण्यात मऊ होते व क्षारयुक्त उकळत्या पाण्यात विरघळते. फायब्रॉइनची स्फटिकी पत्रके इतकी घट्ट असतात की त्यांच्यात पाणी शिरत नाही. दोन प्रथिनांमधील याच फरकावर कोष उकळून धागा उलगडणे व नंतर साबण-सोड्याच्या पाण्यात रेशमाचा 'डिंक' काढणे या दोन्ही कृती आधारलेल्या आहेत. डिंक काढल्यावर रेशमाचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटते, पण कडक व निस्तेज धागा मऊ व चकचकीत होतो.

उकळणे किती वेळ व सोडा किती, हा येथे कसोटीचा भाग असतो. कमी पडल्यास सेरिसिन शिल्लक राहून रंग असमान चढतो. जास्त झाल्यास क्षार फायब्रॉइनच्या अनियमित भागांतील पेप्टाइड बंधही तोडू लागतो व धागा दुबळा होतो. असा धागा नव्या साडीत ओळखू येत नाही. त्याचे परिणाम काही वर्षांनी घडीवर दिसतात.

चमक आणि रंग

डिंक काढलेल्या रेशमाच्या तंतूचा छेद गोलसर कोपऱ्यांच्या त्रिकोणासारखा असतो. त्याच्या सपाट बाजूंवरून प्रकाश परावर्तित होतो. रेशमाची झळाळी ती हीच. पैठणीतील धूपछाव, म्हणजे हलवताच रंग बदलल्यासारखा भास, ही मात्र प्रथिनाची करामत नव्हे. ताणा एका रंगाचा व बाणा दुसऱ्या रंगाचा घेतल्याने तो साधतो आणि त्याचे श्रेय विणकराचे आहे.

रंगाचे रेणू फायब्रॉइनच्या स्फटिकी भागात शिरू शकत नाहीत; ते अनियमित भागांत सामावले जातात. आम्ल वर्गातील रंगांचे ऋणभारित गट प्रथिनावरील धनभारित अमिनो गटांना धरतात, म्हणून असे रंग सौम्य आम्लयुक्त पाण्यात चढवतात. हे रंग सुती कापडावर टिकत नाहीत, कारण सेल्युलोजमध्ये अमिनो गटच नसतात.

ओळख, ऱ्हास आणि जतन

फायब्रॉइन तापवल्यास वितळत नाही, जळते. धाग्याचे टोक पेटवल्यास जळत्या केसांसारखा वास येतो आणि बोटांनी चुरडता येईल अशी काळी राख राहते. पॉलिस्टरचा धागा वितळून त्याचा कडक गोळा होतो. कृत्रिम धाग्याच्या साड्या पैठणी म्हणून विकल्या जात असल्याने ही कसोटी उपयोगी पडते. मात्र तिने फक्त तंतू कळतो; साडी हातमागावरची आहे की यंत्रमागावरची, हे कळत नाही. त्यासाठी पदराची उलटी बाजू पाहतात. हाताने विणलेल्या पदरावरील मोर किंवा मुनिया दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखेच दिसतात.

सूर्यप्रकाशातील अतिनील किरण टायरोसिन व ट्रिप्टोफॅन ही आम्ले शोषतात. त्यातून होणाऱ्या अभिक्रियांनी रेशीम पिवळे पडते व साखळ्या तुटतात. क्लोरीनयुक्त विरंजक फायब्रॉइनला लवकर नष्ट करतो. कपडे धुण्याच्या अनेक पावडरींत डाग काढण्यासाठी प्रथिन पचवणारी विकरे घातलेली असतात. रक्ताचा किंवा दुधाचा डाग आणि रेशमाचा धागा यांत ती भेद करत नाहीत. वर्षानुवर्षे एकाच घडीवर ठेवलेली पैठणी त्या रेघेवर चिरते, कारण तेथील तंतूंवर सतत ताण असतो आणि जुन्या फायब्रॉइनमध्ये तो सोसणाऱ्या लांब साखळ्या कमी उरलेल्या असतात. म्हणून अशा साड्या मऊ सुती कापडात गुंडाळून, उजेडापासून दूर ठेवतात व अधूनमधून घडी बदलतात.

टसर रेशमातील फायब्रॉइन

विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर व भंडारा भागांत ऐन व अर्जुन या झाडांवर वाढणाऱ्या किड्यापासून टसर अथवा कोसा रेशीम मिळते; करवतकाठी साड्या त्याच्याच. या किड्याच्या फायब्रॉइनमध्ये ग्लायसिन–ॲलानिनच्या आवर्तनाऐवजी सलग अनेक ॲलानिनचे पट्टे असतात. त्यांचीही बीटा पत्रकेच होतात, पण दोन्ही बाजूंना मिथिल गट असल्याने पत्रकांची रचणी वेगळी असते. टसरमध्ये हलकी साखळी नसते. दोन जड साखळ्याच एकमेकींना जोडलेल्या असतात. तुतीच्या किड्यात जिच्यावाचून फायब्रॉइन पेशीबाहेर पडत नाही, ती साखळी टसरच्या किड्याला लागतच नाही.

वैद्यकीय उपयोग

शस्त्रक्रियेत टाके घालण्यासाठी रेशमाचा धागा दीर्घकाळ वापरात आहे. सेरिसिन काढलेले फायब्रॉइन शरीराला बऱ्याच अंशी मानवते व सावकाश विघटित होते. लिथियम ब्रोमाइडच्या दाट द्रावणात ते विरघळवून पुन्हा पातळ पापुद्रे, जेल किंवा सच्छिद्र ठोकळे यांच्या रूपात आणता येते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत फायब्रॉइनपासून हाडांतील पोकळी भरण्यासाठी सच्छिद्र साहित्य तयार करण्याचे संशोधन झाले आहे.