दहा हजार किलोमीटरच का?

नवी गाडी घेतली की किल्ल्यांबरोबर एक पुस्तिका हातात पडते. डॅशबोर्डच्या कप्प्यात ती एकदा गेली की सहसा बाहेर येत नाही. तिच्या शेवटच्या पानांवर एक कोष्टक असतं. इंजिन ऑइल दहा हजार किलोमीटरला किंवा एका वर्षाने, यांपैकी जे आधी येईल तेव्हा बदलावं. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलावं. पट्टे, फिल्टर, टायर अमुक वेळी तपासावेत, वगैरे. काही जण हे कोष्टक पोथीसारखं पाळतात. काही जण 'गॅरेजवाल्यांचा पैसे काढायचा धंदा' म्हणून ते सोडून देतात. हे आकडे आले कुठून, असा प्रश्न मात्र दोघांनाही क्वचितच पडतो. या आकड्यांना शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि विज्ञान शिकवणाऱ्यांना त्यातून बरंच काही हाती लागण्यासारखं आहे.

तेलाचा डबा घेतलेला माणूस

बैलगाडीच्या आसाला अधूनमधून वंगण घालावं लागतं, हे गाडीवानाला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. चाक कुरकुरू लागलं की कळायचं. वाफेच्या इंजिनाच्या बाबतीत कुरकुरण्याची वाट पाहणं परवडणारं नव्हतं. त्यामुळे इंजिन मध्येमध्ये थांबवून तेल घालण्यासाठी माणूस ठेवलेला असे. अमेरिकेत मिशिगन सेंट्रल रेल्वेवर हे काम करणाऱ्यांपैकी एक होता इलायजा मॅकॉय. त्याचे आईवडील गुलामगिरीतून निसटून कॅनडात गेले होते. त्याने स्कॉटलंडमध्ये यंत्रशास्त्राचं शिक्षण घेतलं होतं, पण काळ्या माणसाला अमेरिकेत इंजिनियरची नोकरी मिळाली नाही. मिळालं ते कोळसा टाकण्याचं आणि तेल घालण्याचं काम. १८७२ साली त्याने इंजिन चालू असतानाच सिलिंडरमध्ये थोडं थोडं तेल सोडणाऱ्या उपकरणाचं पेटंट घेतलं. देखभालीसाठी यंत्र थांबवायची गरज त्यामुळे कमी झाली.

उडालेलं बूच

तेल घातल्याने घर्षण कमी होतं, हे सर्वांना ठाऊक होतं. पण ते नेमकं का कमी होतं? लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनियर्स या संस्थेसाठी बोशम टॉवर हा इंजिनियर आगगाडीच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. खाली तेलात बुडून फिरणारा आस आणि वर त्यावर भार देणारं पितळी बेअरिंग, अशी त्याची मांडणी होती. बेअरिंगला वरून तेल सोडण्यासाठी एक भोक पाडलेलं होतं. आस फिरू लागला तशी त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागलं. टॉवरने भोकाला बूच लावलं, तर ते बाहेर ढकललं गेलं. मग लाकडी खुंटी ठोकली, तर तिचीही तीच गत झाली.

दुसऱ्या एखाद्याने वैतागून भोक बुजवून टाकलं असतं. टॉवरने तिथे दाबमापक बसवला. बेअरिंगवरच्या भाराचा सरासरी दाब चौरस इंचाला १०० पौंड होता, आणि २०० पौंडांपर्यंत मोजणाऱ्या मापकाचा काटा शेवटच्या खुणेच्याही पलीकडे गेला. म्हणजे तेल नुसतं मध्ये पसरलेलं नव्हतं, तर त्याने सगळा भार उचलून धरला होता! ही गोष्ट १८८३ सालची. तीन वर्षांनी, १८८६ साली, मँचेस्टरच्या ऑसबोर्न रेनॉल्ड्स याने तिचं गणित मांडलं. फिरणारा आस तेलाला आपल्याबरोबर अरुंद होत जाणाऱ्या फटीत ओढून नेतो. तेल दाट, म्हणजे विष्यंदी, असल्यामुळे सहज निसटू शकत नाही, आणि दाब वाढून आस व बेअरिंग एकमेकांपासून वेगळे राहतात.

आजच्या गाडीच्या इंजिनातही मुख्य बेअरिंगमध्ये हेच घडतं. इंजिन व्यवस्थित फिरत असताना तिथे धातूला धातू जवळजवळ टेकतच नाही. तेव्हा इंजिनाचं आयुष्य जितकं लोखंडावर, तितकंच त्या पातळ थरावर अवलंबून असतं.

मॉडेल-टी आणि ७५० मैल

हा थर बिघडला तर? हेन्री फोर्डची मॉडेल-टी ही गाडी १९०८ साली आली. तिला ना ऑइल पंप होता, ना फिल्टर. फिरणारं गतिचक्र तेल उडवायचं, ते एका नरसाळ्यात पडून नळीतून पुढच्या भागाकडे जायचं आणि उताराने परत यायचं. तेलाची पातळी पाहायला डिपस्टिकही नव्हती. गाडीखाली वाकून दोन चाव्या उघडून पाहाव्या लागत. वरच्या चावीतून तेल आलं तर पुरेसं आहे, खालच्या चावीतूनही आलं नाही तर धोका. जुनं तेल सुमारे ७५० मैलांनी, म्हणजे १२०० किलोमीटरांनी, काढून टाकावं असा सल्ला फोर्डच्या पुस्तिकेत होता.

१२०० पासून १० हजारांपर्यंतचा प्रवास एका दिवसात झाला नाही. १९२३ साली अर्नेस्ट स्वीटलँड याने इंजिनासाठी ऑइल फिल्टर तयार केला आणि पुढच्याच वर्षी क्रायस्लरच्या गाडीत तो बसला. पुढे काजळी तळाशी साचू न देता तेलातच तरंगत ठेवणारी रसायनं तेलात मिसळली जाऊ लागली. थंड असताना फार दाट न होणारी आणि तापल्यावर फार पातळ न होणारी तेलं आली. इंधनाचं मोजमाप अधिक काटेकोर झालं. कारणं बदलत गेली तसा आकडा बदलत गेला.

'किंवा एक वर्ष' हे कशासाठी?

गाडी वर्षभरात तीनच हजार किलोमीटर चालली, तरी तेल का बदलायचं? याचं उत्तर रसायनशास्त्राच्या तासाला काढता येईल. पेट्रोल म्हणजे ऑक्टेन असं समजूया. ऑक्टेनच्या ११४ ग्रॅममधून ज्वलनानंतर १६२ ग्रॅम पाणी तयार होतं. ऑक्टेनची घनता लिटरला सुमारे ०.७ किलो धरली, तर एक लिटरमधून जवळपास एक लिटर पाणी निघतं! बहुतेक पाणी वाफ होऊन धुरांड्यावाटे जातं, पण थोडे वायू पिस्टनच्या कडेने खाली तेलात उतरतात. इंजिन चांगलं तापलं तर ही वाफ निघून जाते. घर ते शाळा एवढाच दोन किलोमीटरांचा प्रवास असेल तर इंजिन पुरतं तापतच नाही. पाणी आणि न जळालेलं पेट्रोल तेलात राहतं, आम्लं तयार होतात. म्हणजे कमी चाललेली गाडी तेलाच्या दृष्टीने कधीकधी जास्त थकलेली असते.

जास्त देखभाल म्हणजे चांगली देखभाल?

आता या इतिहासातली अनपेक्षित कलाटणी पाहूया. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकवर जर्मन पाणबुड्यांचा शोध घेणाऱ्या ब्रिटिश विमानांचा बराच वेळ आकाशाऐवजी दुरुस्तीत जात होता. हा प्रश्न सोडवणाऱ्या गटात सी. एच. वॉडिंग्टन हे जीवशास्त्रज्ञ होते. भ्रूणविकासावरच्या कामामुळे जीवशास्त्राच्या शिक्षकांना त्यांचं नाव परिचित असेल. विमानांची दर ५० उड्डाणतासांनी कसून तपासणी होई. तपासणी उपयोगी असेल, तर तिच्यानंतर लगेच बिघाड सर्वांत कमी असायला हवेत आणि पुढच्या तपासणीपर्यंत ते वाढत जायला हवेत. आकडे मांडल्यावर चित्र नेमकं उलटं निघालं : तपासणीनंतर लगेच बिघाड सर्वांत जास्त, आणि नंतर ते कमी होत जाणारे. ठीक चाललेली जोडणी उघडण्यात, भाग काढून पुन्हा बसवण्यात नवे दोष शिरत होते. तपासण्यांमधलं अंतर वाढवावं आणि ज्यांचा उपयोग दिसत नाही ती कामं गाळावीत, असा सल्ला या गटाने दिला. वॉडिंग्टन यांचं या कामावरचं पुस्तक १९७३ साली प्रसिद्ध झालं.

१९७८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी विमानांच्या भागांचा असाच अभ्यास मांडला. ठराविक वयानंतर बदलून फायदा होईल असे भाग त्यांना फक्त ११ टक्के आढळले. उरलेल्या ८९ टक्क्यांना वयाची मर्यादा घालून काही साधत नव्हतं.

मग कोष्टक फाडून टाकायचं का? नाही. कामांची वर्गवारी करायची. वेळेने किंवा वापराने जे निश्चित खराब होतं ते ठरल्या वेळी बदलायचं. इंजिन ऑइल आणि रबरी टायमिंग बेल्ट यात येतात. जे बिघडण्याआधी खूण देतं ते तपासत राहायचं, जसे टायर आणि ब्रेकचे पॅड. बिघडल्याने कुणाचं काही अडत नाही, असा गाडीच्या आतला दिवा बिघडल्यावरच बदलायचा.

पहिल्या गटातली एक गोष्ट मात्र जिवाशी गाठ घालणारी आहे. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेतं. 'डॉट ३' प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर ही किमान मर्यादा १४० अंशांवर येते. लांबलचक घाट उतरताना सतत दाबलेले ब्रेक तापतात. जुनं ऑइल उकळलं तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते, आणि पेडल नुसतंच खाली जातं. याआधी आवाज नाही, वास नाही, रोजच्या सपाट रस्त्यावर कसलीच खूण नाही. म्हणून तिथे तारीखच पाहावी लागते, गाडी कितीही कमी चाललेली असली तरी.

पुस्तिकेतल्या कोष्टकात 'काय' आणि 'केव्हा' हे दोन रकाने असतात. 'का' हा रकाना नसतो. तो वर्गात भरून घेता येईल. विद्यार्थ्यांना घरच्या स्कूटरची, सायकलची किंवा शेतावरच्या पंपाची देखभाल काय आणि केव्हा करतात ते लिहून आणायला सांगावं, आणि प्रत्येक ओळीपुढे कारण शोधायला लावावं. काही ओळींना कारण चटकन सापडेल, काहींसाठी गावातल्या मेकॅनिकला विचारावं लागेल, आणि एखादी ओळ अशीही निघेल की जिचं कारण कुणालाच सांगता येणार नाही. त्या ओळीवर वर्गात जरूर चर्चा घ्यावी.