चार पट्ट्यांचा उंदीर

खारीच्या पाठीवरचे पट्टे पाहिले कीं आपल्याकडील मुलांनाही श्रीरामाचीं बोटें आठवतात. आफ्रिकेच्या दक्षिण भागांत एक रानउंदीरही असेच पट्टे अंगावर वागवितो. त्याच्या पाठीवर चार काळसर रेघा असतात, आणि तो बहुतेक उंदरांचा रिवाज सोडून भर दिवसां हिंडतो. या चिमुकल्या प्राण्याचें कूळ ठरविण्यास शास्त्रज्ञांना सव्वादोनशें वर्षें लागलीं.

लिनीअसचा शिष्य आंदेर्स स्पार्मान हा कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवरून केप प्रांतांत परतला आणि तेथील अंतर्भागांत हिंडला. १७८४ सालीं त्यानें या प्राण्यास ‘मूस प्युमिलिओ’, म्हणजे बुटका उंदीर, असें नांव दिलें. त्या काळीं बहुतेक सारे उंदीर ‘मूस’ याच एका कोठींत भरले जात.

नंतरच्या कथेंत मुंबई इलाख्याचा एक माणूस येतो. जंगलखात्यांत उमेद घालविलेले रॉबर्ट चार्ल्स रॉटन हे निवृत्तीनंतर लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें कातडीं व कवट्या ताडून पाहात. बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें हिंदुस्थानांतील सस्तन प्राण्यांची जी मोठी पाहणी केली, तिच्यामागें पुढें यांचीच प्रेरणा होती. १९०५ मध्यें त्यांनीं या उंदराचा ‘इंटरमीडिअस’ हा प्रकार वेगळा काढला. त्याच संग्रहालयांतील ओल्डफील्ड थॉमस यांनीं १९१६ सालीं या साऱ्यांसाठीं ‘ऱ्हॅब्डोमिस’, म्हणजे रेघांचा उंदीर, ही स्वतंत्र प्रजाति स्थापिली.

परंतु पुढील पिढीला हे भेद केवळ रंगाच्या छटांचे वाटले, आणि सारे प्रकार पुन्हां एका ‘प्युमिलिओ’च्या पोटांत गेले. यांत त्यांचा फारसा दोष नव्हता. पट्टे सर्वांचे सारखेच. राहणी मात्र सारखी नव्हती. पश्चिमेच्या रुक्ष प्रदेशांतील उंदीर कुटुंबानें एका घरट्यांत नांदतात, तर पूर्वेच्या गवताळ प्रदेशांतील एकएकटे राहतात. २००३ मध्यें गुणसूत्रें व आनुवंशिक द्रव्य तपासून ‘डायलेक्टस’ ही दुसरी जाति वेगळी करण्यांत आली. २०१२ सालीं अधिक व्यापक तपासणीनंतर संशोधकांनीं चार जाती मानाव्यात असें सुचविलें. त्यांतील एकीस रॉटन यांचें ‘इंटरमीडिअस’ हें १०७ वर्षांपूर्वींचें नांव लाभलें. तें पाहण्यास ते नव्हते. १९२१ सालींच ते वारले होते.

ज्या पट्ट्यांनीं सर्वांस चकविलें त्यांचा उलगडा २०१६ मध्यें झाला. ‘एएलएक्स-३’ नांवाचा जनुक कातडीच्या फिकट रेघांत रंगपेशींची वाढ रोखतो. तोच जनुक उत्तर अमेरिकेंतील चिपमंक या पट्टेदार खारीच्या फिकट रेघांतही जागा असल्याचें आढळलें, आणि खारी व उंदीर यांचीं घराणीं तर कोट्यवधि वर्षांपूर्वीं विभक्त झालेलीं आहेत.