विश्वभारती : संशोधन, व्याख्याने व उत्सव

पश्चिम बंगाल राज्याच्या बीरभूम जिल्ह्यात, बोलपूरजवळील शांतिनिकेतन येथे रवींद्रनाथ टागोर (१८६१–१९४१) यांनी स्थापन केलेले आणि १९५१ पासून केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा असलेले शिक्षणकेंद्र. संशोधन, विद्वानांची व्याख्याने आणि ऋतूंचे उत्सव ही एकाच विद्याव्यवहाराची तीन अंगे होत, अशी संस्थापकाची भूमिका होती. ती लहानशा आश्रमात कशी साकार झाली आणि संस्थेचे रूपांतर शासनमान्य विद्यापीठात झाल्यावर तिच्यावर कोणता ताण पडला, हा विश्वभारतीच्या इतिहासाचा गाभा होय.

पूर्वेतिहास : रवींद्रनाथांचे वडील महर्षी देवेंद्रनाथ यांनी १८६३ मध्ये बोलपूरजवळच्या माळरानावर सप्तपर्णीच्या (बंगालीत छातिम) दोन वृक्षांभोवतीची जमीन घेतली. १८८८ च्या न्यासपत्रात त्यांनी उपासनेबरोबरच विद्यालय, ग्रंथालय आणि वार्षिक मेळा यांचीही तरतूद केली होती. अध्ययन आणि उत्सव यांची सांगड ही अशी विद्यापीठाहूनही जुनी आहे. डिसेंबर १९०१ मध्ये रवींद्रनाथांनी येथे ब्रह्मचर्याश्रम सुरू केला; आरंभी विद्यार्थी मोजकेच होते. काका कालेलकर १९१५ मध्ये येथे राहत होते. त्याच वर्षी येथेच त्यांची म. गांधींशी भेट झाली आणि तिने त्यांच्या आयुष्याला वळण दिले.

परदेशच्या प्रवासांनंतर आणि पहिल्या महायुद्धाच्या अनुभवानंतर रवींद्रनाथांच्या मनातील विद्यालयाची कल्पना विस्तारली. ब्रिटिशांनी स्थापिलेली विद्यापीठे मुख्यतः परीक्षा घेऊन पदव्या देत. त्यांच्या मते विद्येची निर्मिती हे विद्यापीठाचे मुख्य काम असून तिचे वाटप हे दुय्यम होय. जेथे विद्वान स्वतः शोध घेत आहेत, अशा ठिकाणी विद्यार्थी त्यांच्या सहवासातच शिकतात. या विचारानुसार डिसेंबर १९१८ मध्ये विश्वभारतीची पायाभरणी झाली, १९१९ मध्ये अध्यापनास सुरुवात झाली आणि २३ डिसेंबर १९२१ रोजी ब्रजेंद्रनाथ शील यांच्या अध्यक्षतेखाली तिचे रीतसर उद्‌घाटन झाले. सारे विश्व एका घरट्यात सामावावे, या अर्थाचे वेदवचन संस्थेने बोधवाक्य म्हणून स्वीकारले.

व्याख्याने : पहिले अतिथी प्राध्यापक म्हणून फ्रेंच प्राच्यविद्यापंडित सिल्व्हँ लेव्ही १९२१ मध्ये आले. त्यांच्यामुळे येथे चिनी व तिबेटी भाषांच्या अध्ययनाचा पाया घातला गेला. त्यांच्या वर्गात आश्रमातील शिक्षकही विद्यार्थी होऊन बसत. त्यांच्यानंतर मोरिट्स विंटरनिट्स, व्हिन्सेन्त्स लेस्नी, स्टेन कोनो यांसारखे विद्वान येत राहिले. स्टेला क्रामरिश यांनी कलेच्या इतिहासावर व्याख्याने दिली. हे पाहुणे एखादे भाषण करून परत जात नसत. ते महिनोन् महिने आश्रमात राहत, उपासनेस व उत्सवांस हजर असत. स्वतः रवींद्रनाथांनी उपासनामंदिरात दिलेली प्रवचने ‘शांतिनिकेतन’ या नावाने १७ भागांत (१९०९–१६) प्रसिद्ध झाली आहेत.

विद्येचा असा आंतरराष्ट्रीय व्यवहार राजकारणापासून अलिप्त राहू शकला नाही. १९२५ मध्ये इटलीहून कार्लो फोर्मीकी आणि जूझेप्पे तूच्ची आले. मुसोलिनीच्या शासनाने त्यांच्याबरोबर इटालियन ग्रंथांचा मोठा संग्रह भेट म्हणून पाठविला होता. १९२६ मधील इटलीच्या दौऱ्यानंतर रवींद्रनाथांनी फॅसिझमवर जाहीर टीका केली, तेव्हा तूच्ची यांना परत बोलावून घेण्यात आले. हैदराबादच्या निजामाने दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून इस्लामी विद्येचे अध्यासन निर्माण झाले आणि त्यावर १९२९ मध्ये हंगेरियन पंडित यूलिउश गेर्मानुश यांची नेमणूक झाली.

संशोधन : संशोधनाचे मुख्य केंद्र विद्याभवन हे होते. विधुशेखर शास्त्री यांनी आर्यदेवाच्या ‘चतुःशतक’ या बौद्ध ग्रंथाची, तिबेटी भाषांतरावरून हरवलेल्या संस्कृत भागाची पुनर्रचना करून, आवृत्ती सिद्ध केली (१९३१). क्षितिमोहन सेन यांनी कबीर, दादू आणि बाउल यांची वाणी संतांच्या व भटक्या गायकांच्या तोंडून गोळा केली. पोथीबाहेरची परंपराही संशोधनाचा विषय होऊ शकते, हे त्यांच्या कार्याने दाखवून दिले. हजारीप्रसाद द्विवेदी १९३० ते १९५० या काळात येथे होते आणि त्यांचा ‘कबीर’ (१९४२) हा ग्रंथ याच वातावरणात तयार झाला.

या परंपरेचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे हरिचरण बंद्योपाध्याय यांचा ‘बंगीय शब्दकोश’. शाळेत संस्कृत शिकविणाऱ्या या शिक्षकाने रवींद्रनाथांच्या सांगण्यावरून १९०५ मध्ये कोशाचे काम एकट्याने हाती घेतले. १९३२ पासून तो खंडशः प्रसिद्ध होऊ लागला आणि १९४६ च्या सुमारास पूर्ण झाला. चाळीस वर्षांच्या या उद्योगामागे ना पदवी होती, ना पदोन्नती.

चीन-भारत अध्ययनासाठी १४ एप्रिल १९३७ रोजी चीनाभवन उघडण्यात आले. त्याचे संचालक तान युन-शान यांनी त्यासाठी चीनमधून निधी व ग्रंथ मिळविले. मूळ संस्कृत प्रत नष्ट झाली असून केवळ चिनी अनुवादात टिकून राहिलेल्या बौद्ध ग्रंथांचा अभ्यास हे या भवनाचे वैशिष्ट्य ठरले. शेजारच्या सुरूल येथे ६ फेब्रुवारी १९२२ रोजी लेनर्ड एल्महर्स्ट यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या ग्रामपुनर्रचना केंद्राने (नंतरचे श्रीनिकेतन) हिवताप, शेती, सहकार आणि गृहोद्योग यांच्या अभ्यासाला प्रत्यक्ष कामाची जोड दिली.

उत्सव : देवेंद्रनाथांच्या दीक्षेच्या स्मरणार्थ ७ पौषला (डिसेंबरच्या उत्तरार्धात) पौष मेळा भरतो. बाउल गायक, आसपासचे कारागीर आणि संथाळ यांचा त्यात सहभाग असतो. त्यामुळे ग्रामीण बंगालची लोककला विद्यार्थ्यांच्या दाराशी येते. वर्षामंगल, शारदोत्सव आणि वसंतोत्सव हे ऋतूंचे उत्सव होत. १९२८ मध्ये वृक्षारोपण आणि हलकर्षण (नांगरणी) यांचे समारंभ सुरू झाले. कोणत्याही एका धर्माच्या देवतेशी न बांधलेले, निसर्गचक्रावर आधारलेले हे उत्सव विविध धर्मांच्या विद्यार्थ्यांना एकत्र आणू शकत.

कलाभवन (१९१९) आणि नंतर स्वतंत्र झालेले संगीतभवन यांचा प्रत्यक्ष अभ्यास या उत्सवांतच होई. नंदलाल बसू आणि त्यांचे विद्यार्थी रंगभूषा, वेशभूषा, अल्पना (रांगोळी) आणि मंचसजावट करीत. भित्तिचित्रे आणि रामकिंकर बैज यांची ‘संथाळ परिवार’ (१९३८) सारखी उघड्यावरील शिल्पे यांनी सारा परिसरच कलाशाळा बनला. महाराष्ट्रीय गायक पं. भीमराव शास्त्री येथे शास्त्रीय संगीत शिकवीत. विनायकराव मासोजी कलाभवनात प्रथम विद्यार्थी व पुढे शिक्षक होते. १९१९ मध्ये सिल्हेट येथे पाहिलेल्या मणिपुरी नृत्याने प्रभावित होऊन रवींद्रनाथांनी त्रिपुरेतून नृत्यशिक्षक आणविले. ‘नटीर पूजा’ (१९२६) या नाटकात प्रतिष्ठित घरातील मुलीने रंगमंचावर नृत्य केले; तत्कालीन समाजात ही लहान गोष्ट नव्हती. पुढील ‘चित्रांगदा’ (१९३६), ‘चंडालिका’ (१९३८) आणि ‘श्यामा’ (१९३९) या नृत्यनाट्यांचा उगम याच परंपरेत आहे.

आर्थिक विवंचना व रूपांतर : विश्वभारतीला कायमचे उत्पन्न नव्हते. निधी जमविण्यासाठी वृद्ध व आजारी रवींद्रनाथ विद्यार्थ्यांचे पथक घेऊन नृत्यनाट्यांचे दौरे काढीत. मार्च १९३६ मध्ये दिल्लीत ही स्थिती पाहून म. गांधींनी साठ हजार रुपये मिळवून दिले आणि दौरा थांबविण्यास सांगितले. फेब्रुवारी १९४० मध्ये गांधी शांतिनिकेतनास आले असता रवींद्रनाथांनी संस्था आपल्या पश्चात सांभाळण्याची लेखी विनंती त्यांना केली. गांधींनी हा प्रश्न मौलाना आझाद यांच्या कानी घातला. स्वातंत्र्यानंतर आझाद शिक्षणमंत्री असताना विश्वभारती अधिनियम (१९५१) संमत होऊन संस्थेला केंद्रीय विद्यापीठाचा व राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. जवाहरलाल नेहरू पहिले आचार्य (कुलपती) आणि रथींद्रनाथ टागोर पहिले उपाचार्य (कुलगुरू) झाले.

शासकीय अनुदानाने संस्था वाचली. मात्र त्याचबरोबर अभ्यासक्रम, परीक्षा, वेतनश्रेणी आणि सेवानियम आले. ज्या पदवीकेंद्री शिक्षणाला पर्याय म्हणून विश्वभारती जन्मली, त्याच चौकटीत तिला बसावे लागले. वास्तविक शिक्षाभवनाचे विद्यार्थी रवींद्रनाथांच्या हयातीतच कलकत्ता विद्यापीठाच्या परीक्षांना बसू लागले होते. म्हणजे हा ताण केवळ कायद्याने निर्माण केलेला नव्हता. बुधवारची सुट्टी व उपासना, झाडाखालचे वर्ग, स्नातकाला सप्तपर्णीचे पान देण्याची प्रथा यांतून जुना धागा टिकून राहिला. पु. ल. देशपांडे यांनी बंगाली शिकण्यासाठी येथे मुक्काम केला आणि त्या अनुभवावर ‘वंगचित्रे’ हे पुस्तक लिहिले.

उत्सवांचे स्वरूपही पालटले. गर्दी आणि प्रदूषण यांमुळे पौष मेळ्याचा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेला. २०२० मध्ये करोना महासाथीमुळे मेळा भरला नाही. त्यानंतरही काही वर्षे विद्यापीठाने तो भरविला नाही आणि २०२४ मध्ये पुन्हा त्यात पुढाकार घेतला. सप्टेंबर २०२३ मध्ये शांतिनिकेतनचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या यादीत झाला.

महत्त्व : विश्वभारतीत ग्रंथसंशोधन, परदेशी पंडिताचे व्याख्यान आणि पावसाचे स्वागत करणारे गाणे यांना समान प्रतिष्ठा मिळाली. क्षितिमोहन सेनांनी संशोधिलेली बाउलांची वाणी विद्यार्थी मेळ्यात बाउलांच्याच तोंडून ऐकत, यात या ऐक्याचे मर्म आहे. ते लहान समूहात, शिक्षकांच्या त्यागावर आणि एका असामान्य व्यक्तीच्या सान्निध्यात साधले होते. अशा संस्थेला स्थैर्य देण्यासाठी शासनाचे बळ आवश्यक ठरले. परंतु तिचे सत्त्व नियमांनी जपता येत नाही. वास्तू व भित्तिचित्रे यांचे रक्षण वारसा म्हणून होऊ शकते. विद्याव्यवहाराची ही रीत मात्र प्रत्येक पिढीच्या शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी नव्याने आचरली, तरच टिकते.